बावन्न सेकंदांचा सीन

“यावर तुमच्यापैकी कुणाचाही विश्वास बसणार नाही,” ऑपरेटर म्हणाला. “आणि बसलाच, तर सिस्टरकडून आधी नाडी तपासून घ्या.”

एवढं म्हटलं की खुर्च्या पुढे सरकतात, हे त्याला अनुभवानं माहीत होतं. त्या सरकल्या. छापखान्यातून निवृत्त झालेल्या कंपोझिटरनं चष्मा कपाळावर ढकलला. सिस्टरनी रिमोट मांडीवर उपडा ठेवला. समोरच्या पडद्यावर, म्हणजे दोरीला कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवलेल्या पांढऱ्या चादरीवर, हातात मेणबत्ती घेतलेली एक बाई माळ्याच्या जिन्यावर एक पाय उचलून ताटकळत उभी राहिली. वर काय वाढून ठेवलंय हे खोलीतल्या नऊच्या नऊ जणांना माहीत होतं. तिला एकटीलाच माहीत नव्हतं.

ऑपरेटर मात्र पुढचं वाक्य मनात जुळवून बघत होता. गोष्ट सांगताना तसं त्याला कधी करावं लागत नसे.

ऑपरेटर म्हणजे ऑपरेशनवाला नव्हे. बाजाराच्या टोकाला जिथं आता फरशांचं दुकान आहे तिथं पूर्वी थिएटर होतं, आणि त्या थिएटरच्या वरच्या कोंदट खोलीत दोन मशीनांच्या मधोमध या माणसानं चौतीस वर्षं काढली. तेवढ्या वर्षांत त्यानं जेवढे सिनेमे दाखवले, त्याहून जास्त थापा मारल्या. एका कौटुंबिक सिनेमाचं रीळ उंदरानं कुरतडलं, ते नेमकं नायिकेच्या बापाचा विरोध संपेपर्यंत; त्यामुळे सगळीकडे लग्न शेवटी लागलं, याच्या थिएटरात इंटरव्हलच्या आधी लागलं, आणि उरलेला सिनेमाभर लोक पाहुण्यांसारखे अवघडून बसले. दुसऱ्या एका वेळी थंडीत खिडकीबाहेर इतकं दाट धुकं साचलं की यानं मशीनचं तोंड वळवून एक अख्खं रीळ धुक्यावर दाखवलं. चौकातल्या पोलिसानं सिनेमातल्या जहाजाला शिट्टी मारून थांबवलं म्हणे. जहाज थांबलं का, असं कंपोझिटरनं विचारलं होतं. “थांबलं नाही,” ऑपरेटर म्हणाला होता, “पण कप्तानानं मान तुकवली.”

या गोष्टींवर कुणाचा विश्वास नसे, आणि ऑपरेटरला त्यातच समाधान होतं. माणसानं थाप मारावी ती अशी, की ऐकणाऱ्याला फसल्यासारखं वाटू नये. त्याच्या साऱ्या पोतडीत एकच गोष्ट अशी होती जिच्यावर लोक हटकून विश्वास ठेवत, आणि तीच त्याच्या घशात अडकलेली होती. या मंडळात त्यानं ती कधी काढली नव्हती; आता तो तीच सांगायला बसला होता.

ही खोली वाचनालयाच्या वरची. खाली सायकलचं दुकान, मधे वाचनालय, वर ही. शनिवारी दुपारी तीनला इथं ‘पुन्हा एकदा मंडळ’ भरायचं. सिस्टरनी हॉस्पिटलातून निवृत्त झाल्यावर ते सुरू केलं. नियम एकच: नवं काही आणायचं नाही. एक महिनाभर सगळ्यांनी पूर्वी वाचलेली एक रहस्यकथा पुन्हा वाचायची आणि पूर्वी पाहिलेला एक भीतीचा सिनेमा पुन्हा पाहायचा. खुनी कोण हे आधीच ठाऊक, भूत कुठल्या दारातून येणार तेही ठाऊक. मग माणूस घाबरत नाही, नीट बघतो. लेखकानं पुरावा कुठं ठेवला होता, आपल्या नाकासमोर असून आपल्याला कसा दिसला नाही, हे हुडकण्यात या मंडळींना लहान मुलांसारखा आनंद व्हायचा. गेल्या महिन्यात घड्याळजीच्या खुनाची कादंबरी होती. कंपोझिटरनं सत्तेचाळिसाव्या पानावरचे कोरडे बूट पकडले. पण सगळ्यांवर कडी केली ती बाईंनी. त्यांनी तिसऱ्याच पानावर, एका कपबशीत, अख्खा खून पकडला.

त्या दिवशी शेवटच्या प्रकरणाची चर्चा सुरू झाली तेव्हा ऑपरेटर उठून कप विसळायला गेला होता.

“अहो, कप स्वच्छ आहेत,” सिस्टर म्हणाल्या होत्या.

“असू देत. आणखी स्वच्छ करतो.”

“एवढी वाचलीत आणि शेवटची नऊ पानंच नकोत?”

“खुनी कोण ते मला सांगू नका,” तो मोरीतून म्हणाला होता. सगळे हसले. एकेचाळीस वर्षांपूर्वी ती कादंबरी शेवटून नऊ पानं राहिली असताना त्यानं मिटली होती, ती पुन्हा कधी उघडली नव्हती, हे कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. ती नऊ पानं न वाचणं ही त्यानं स्वतःला दिलेली शिक्षा होती. फार स्वस्तातली शिक्षा, हे त्यालाही कळत होतं.

बाई म्हणजे शाळेतल्या बाई. मंडळात येऊन त्यांना तीनच महिने झाले होते. उजव्या हातात काठी. कठड्याला धरून, एकेक पायरी मोजून त्या वर यायच्या आणि वर आल्या की म्हणायच्या, “एकोणतीस. आजही तेवढ्याच आहेत.” पहिल्याच दिवशी कुणी तरी त्यांना ऑपरेटरची ओळख करून दिली, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, “म्हणजे तुमच्याच थिएटरात माझा गुडघा राहिला. बाल्कनीच्या जिन्यात. त्यानंतर मी सगळी नोकरी बसून शिकवलं, आणि पोरं उभी राहिली.” त्यात कडवटपणा नव्हता. ऑपरेटरच्या तोंडातलं बिस्कीट मात्र तोंडातच राहिलं. आणि मागच्या खुर्चीवरून ‘खट्’ असा आवाज आला. बॅटरीनं बॅटरी लावली होती.

हा बॅटरी मंडळाचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात गप्प सभासद. बर्फाच्या कारखान्यात राखणदार म्हणून उभा जन्म काढलेला. भर दुपारी त्याच्या कोटाच्या दोन खिशांत दोन बॅटऱ्या असायच्या, आणि वरच्या खिशात कागदात गुंडाळलेले सुटे सेल. मधूनच तो एक बॅटरी काढायचा, तळहातावर टेकवून लावायचा, पंजा लाल दिसला की समाधानानं बंद करून ठेवून द्यायचा. मंडळात त्यावर थट्टा चालायची. “भाऊ, सूर्य मावळलाच तर आधी तुम्हाला कळवतील हो,” असं सिस्टर म्हणायच्या. तोही हसायचा. हसायचा नाही तो एकटा ऑपरेटर. तो लाल पंजा दिसला की त्याची नजर खिडकीबाहेर जायची.

कारण बर्फाच्या कारखान्याआधी बॅटरी त्याच थिएटरात बाल्कनीचा डोअरकीपर होता, अंधारात जिन्यावर उजेड धरणारा. बाई पडल्या त्याच दिवशी संध्याकाळी मालकानं त्याला काढला. बाईंना यातलं काही माहीत नव्हतं. मंडळातल्या इतरांनाही नव्हतं. ते दोघांनाच माहीत होतं, आणि त्या दोघांतल्या एकालाच सगळं माहीत होतं.

आज दुपारी वर येताना, वाचनालयाच्या दारापाशी, बॅटरीनं त्याला बाहीला धरून थांबवलं.

“आज मी बाईंना सांगणार.”

“काय सांगणार?”

“की तो डोअरकीपर मी. सिनेमा संपला की सगळ्यांसमोर हात जोडणार नि मोकळा होणार.”

“वेड लागलंय का तुला? एवढ्या वर्षांनी काय उकरून काढतोस?”

“तुझं बरंय,” बॅटरी म्हणाला. “तुझ्या अंगाला काही लागलं नाही. ती बाई दर शनिवारी माझ्यासमोर एकोणतीस पायऱ्या मोजते. मला त्या ऐकवत नाहीत रे.”

ऑपरेटर कठड्यावरची धूळ बोटानं पुसत राहिला.

“गंमत सांगू?” बॅटरी म्हणाला. “सेल मी त्या दिवशी सकाळी नवेच टाकले होते. मला अजून दिसतं, वेष्टणाचा कागद मी चुरगाळून खिशात कोंबला. पण आपल्याला आठवतं ते खरंच असतं असं थोडंच आहे. आमची ही म्हणायची, तुम्ही टाकायचं ठरवलं असेल, टाकले नसतील. असेलही. ठरवणारा माणूस आहे मी.”

एवढं बोलून तो वर गेला. ऑपरेटर चार पायऱ्या मागेच राहिला. रीळ मशीनमध्ये अडकलं की चित्र जागच्या जागी तपकिरी पडतं, मग मधोमध एक भोक पडून ते पसरत जातं, तसं काहीसं त्याला छातीत होत होतं. निरपराध माणूस आपल्यादेखत हात जोडणार, आणि आपण चहाचे कप गोळा करणार. नाही. आज त्याच्या आधी आपण बोलायचं. एकेचाळीस वर्षं जीभ चालवली, तर आज चार वाक्यं खरी बोलायला काय हरकत आहे?

सिनेमा होता माळ्यावरच्या बाईचा. योगायोग कसला, सिस्टरनीच यादी केलेली. कधी तरी तो येणारच होता. सगळ्यांनी तो त्याच थिएटरात पाहिलेला. आता तो सिस्टरच्या भाच्यानं दिलेल्या बोटभर पेटीतून आणि पुस्तकाएवढ्या मशीनमधून चादरीवर पडत होता, ज्याला ऑपरेटर मशीन म्हणायला तयार नव्हता. पण ज्या प्रिंटवरून हा उतरवला होता ती जुनीच, त्यामुळे ठिपके जसेच्या तसे होते.

ठिपके त्याच्याशिवाय कुणाला दिसत नसत. रीळ संपायला आलं की चित्राच्या उजव्या कोपऱ्यात, वर, एक काळा ठिपका क्षणभर येऊन जातो. तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची. मग सात सेकंदांनी दुसरा ठिपका. तो दिसला की पायानं पेडल दाबायचं: या मशीनची झडप पडते, त्या मशीनची उघडते, आणि खाली बसलेल्या चारशे माणसांना पत्ताही लागत नाही की गोष्ट एका यंत्रातून दुसऱ्यात गेली. इथं ना पेडल ना दुसरं मशीन. तरी पहिल्या रिळाच्या शेवटी ऑपरेटरच्या उजव्या पायानं खुर्चीखालची फरशी दाबली. दुसऱ्याच्या शेवटी दाबली. तिसऱ्याच्या, चौथ्याच्या. पाचवं रीळ सुरू झालं तेव्हा त्यानं पाय उचलून खुर्चीच्या दांडीवर ठेवला.

मेणबत्तीवाली बाई जिन्यापाशी आली. पहिली पायरी. दुसरी. कोपऱ्यात ठिपका येऊन गेला. तिसरी पायरी. दुसरा ठिपका. बाईनं पाय उचलला, माळ्याचं दार किलकिलं झालं, आत एक खुर्ची आपोआप डुलत होती.

“थांबवा, थांबवा,” कंपोझिटर म्हणाला. “हे कापलंय.”

सिस्टरनी थोडं मागे नेऊन थांबवलं. मेणबत्तीवाली पुन्हा तिसऱ्या पायरीवर.

“काय कापलंय?”

“अहो, अंधाराचा सीन. ती तिसऱ्या पायरीवर येते, मेणबत्ती विझते, आणि मग नुसता अंधार. आवाज नाही, काही नाही. केवढा वेळ. माझ्या शेजारच्या माणसानं माझा हात धरला होता. ओळख ना पाळख.”

“खरंच की,” सिस्टर म्हणाल्या. “आमच्या नर्सेस क्वार्टरमधल्या मुली त्या अंधारासाठी तीनतीनदा गेल्या होत्या. पुढच्या खेपेला तेवढा वाटला नाही म्हणून चिडून परत आल्या.”

“अख्ख्या सिनेमात खरा सीन तोच,” मागून कुणी म्हणालं. “आणि नेमका तोच काढला.”

“असा सीन या सिनेमात कधी नव्हताच,” ऑपरेटर म्हणाला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. बाईंनीही. बॅटरीनं पाहिलं नाही. तो स्वतःच्या तळहाताकडे पाहत होता. ऑपरेटरनं खुर्ची फिरवून घेतली, घसा साफ केला आणि, सवयच ती, म्हणाला की यावर तुमच्यापैकी कुणाचाही विश्वास बसणार नाही.

“तीनचा शो,” त्यानं सुरुवात केली. “हाउसफुल. बाल्कनीत माणसं अशी बसलेली, की एकानं श्वास घेतला की दुसऱ्यानं सोडायचा. पाचवं रीळ संपत आलेलं. मशीनला एक घंटी असते. रीळ संपायला थोडं उरलं की ती वाजते, म्हणजे ऑपरेटरनं उठायचं. दुसऱ्या मशीनमध्ये कार्बनच्या दोन कांड्या असतात, त्या एकमेकींना टेकवून उजेड पेटवायचा, आणि ठिपक्यांची वाट बघत उभं राहायचं.”

“मग? उठला नाहीत?” कंपोझिटरनं सहज विचारलं.

हीच ती जागा होती. इथंच सांगायचं होतं. घंटी वाजली तेव्हा त्याच्या मांडीवर घड्याळजीच्या खुनाची कादंबरी होती, गुप्तहेरानं सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावलं होतं, आणि खुनी कोण ते सांगायला तो तोंड उघडत होता. एवढं पान संपवून उठू, असं ऑपरेटर मनात म्हणाला. पान संपलं ते दुसऱ्यात सुरू झालं. मान वर केली तेव्हा कोपऱ्यात ठिपका, आणि तो पहिला नव्हता, दुसरा होता. डोक्यानं काही ठरवायच्या आत पायानं पेडल दाबलं. वर्षानुवर्षं शिकवलेला पाय. या मशीनची झडप पडली, त्या मशीनची उघडली, आणि त्या मशीनमध्ये उजेडच नव्हता. कांड्या थंडगार. मोटर बंद. खाली हॉलमध्ये चारशे माणसांसमोर गुडुप अंधार.

आणि वाचायला उजेड कुठला? मालक मशीनरूममध्ये दिवा लावू देत नसे. चित्र सोडायच्या भोकातून उजेड हॉलमध्ये पडायचा. ऑपरेटरची स्वतःची बॅटरी मरायला टेकली होती. त्या दुपारी जिन्याच्या खुंटीवर डोअरकीपरची बॅटरी लटकत होती, आत नवेकोरे दोन सेल. त्यानं ते काढून घेतले, आपले म्हातारे सेल तिच्यात ढकलले. शो सुटला की परत टाकू, त्यात काय.

“ऑपरेटर?” सिस्टर म्हणाल्या.

त्यानं तोंड उघडलं. ‘मी वाचत होतो’ हे तीन शब्द दातांपर्यंत आले. समोर बाईंची काठी होती, तिच्या मुठीवरचा रंग हातानं झिजून गेला होता. बॅटरीचा चेहरा होता. आणि एकेचाळीस वर्षं सांगून सांगून गुळगुळीत झालेली गोष्ट जिभेखालीच होती, उतारावरच्या गाडीसारखी, नुसता ब्रेक सोडायचा अवकाश.

“उठलो नाही कसा? उठलो की,” तो म्हणाला. “कांड्या पेटवल्या, मोटर लावली, पेडल दाबलं, आणि त्याच क्षणी अख्ख्या हॉलची लाइन गेली. मेन फ्यूज. दिवे, मशीन, सगळं ठप्प. काळोख म्हणजे असा, की डोळे उघडे आहेत की मिटलेत हे बोट लावून बघावं लागावं.”

बोलता बोलताच त्याला स्वतःची शिसारी आली. पण गोष्ट चालू लागली होती, आणि चालू झालेली गोष्ट थांबवायची त्याला सवय नव्हती.

“आता खरी कमाल ऐका. एकानंही शिट्टी मारली नाही. एकानंही शिवी दिली नाही. एरवी अर्धं सेकंद चित्र हललं तर माझ्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. चारशे माणसांना वाटलं, हा सिनेमाच आहे. मेणबत्ती विझली, आता माळ्यावरची बाई खाली येणार. सगळे श्वास रोखून बसले. इतकी शांतता, की नुसते पंखे कुरकुरत होते. बाल्कनीच्या दारावरचा तो एक तर म्हाताऱ्या बोक्यासारखा गुरगुरायचा. बाकी काही नाही. मी चाचपडत फ्यूज काढला, तार बसवली, परत लावला. बावन्न सेकंदं. एवढ्या वेळात माणूस फार तर चहा गाळतो, मी अख्खं थिएटर जिवंत केलं. आणि लोक जन्मभर सांगत राहिले, की त्या सिनेमातला सगळ्यात भयंकर सीन म्हणजे तो अंधाराचा. जो कुणी काढलाच नव्हता. त्यात कुणी काम केलं नव्हतं. मालकानं माझी पाठ थोपटली त्या दिवशी.”

कंपोझिटर हसला, एक-दोघांनी टाळ्याही वाजवल्या. “ही मात्र खरी असणार,” कुणी म्हणालं. “मी स्वतः होतो तिथं.”

झालं, ऑपरेटरच्या मनात आलं. बसला विश्वास.

पाठ थोपटली होती ही गोष्ट खरीच होती. त्याच खोलीत, त्याच वेळी, मालकानं डोअरकीपरची बॅटरी टेबलावर लावून बघितली होती. काजव्याएवढा पिवळा उजेड. “सकाळीच नवे सेल टाकलेत साहेब,” डोअरकीपर म्हणाला. “मग ते काय उडून गेले?” मालक म्हणाला. “जिन्यावर एक बाई पाय मोडून पडलीय, आणि तू मला सेलची गोष्ट सांगतोस?” ऑपरेटर दाराशी उभा होता. उडून गेलेले दोन्ही सेल त्याच्या पँटच्या खिशात होते, अजून कोमट. हात खिशात होता. त्या हातानं सेल घट्ट धरून ठेवले होते, खुळखुळू नयेत म्हणून.

मागं खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. बॅटरी उभा राहिला होता. सिनेमा संपायची वाट न बघता. त्याच्या हातातली बॅटरी लागलेली होती आणि तिचा उजेड जमिनीवर पडला होता.

“बाई,” तो म्हणाला, “मला एक सांगायचंय. याची गोष्ट झाली, माझी राहिली. त्या अंधारात तुम्ही जिन्यात होतात. तिथं जो डोअरकीपर असायला हवा होता…”

“होता,” बाई म्हणाल्या. “माझ्या मागोमाग तोच धावत आला. माझं डोकं मांडीवर घेऊन बसला होता.”

“तो मी.”

चादरीवरची बाई एका पायावर उभी होती.

“माझी बॅटरी लागली नाही,” बॅटरी म्हणाला. “मी सेल बघून घेतले नव्हते. नवे टाकल्यासारखं वाटत होतं, पण ते तसं नसणार. चूक माझी. एवढंच म्हणायचं होतं, मग तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा.” त्यानं बॅटरी काखेत धरली आणि खरोखरच हात जोडले. काखेतून निघालेला उजेड ऑपरेटरच्या गुडघ्यावर पडला.

ऑपरेटरच्या उजव्या पायानं आपोआप फरशी दाबली. काहीच बदललं नाही.

“भाऊ, तुम्ही जरा बसा,” बाई म्हणाल्या. आवाज मऊ होता, पण वर्गातला होता. बॅटरी बसला. बाईंनी काठी दोन्ही हातांनी पुढे टेकवली आणि ऑपरेटरकडे वळल्या. कपबशीत खून सापडला होता तेव्हा त्यांचा चेहरा असाच झाला होता.

“ऑपरेटर, ते पंख्याचं पुन्हा एकदा सांगा.”

“कुठल्या पंख्याचं?”

“बोक्याचं.”

“त्यात सांगण्यासारखं काय आहे बाई. जुना पंखा, गुरगुरायचा.”

“अंधार झाला तेव्हाही?”

“सगळा वेळ,” ऑपरेटर म्हणाला, आणि शब्द तोंडातून निघाल्यावर त्याला ते ऐकू आले. इतकी वर्षं तो हे वाक्य सांगत आला होता. ते ऐकलं मात्र आज पहिल्यांदा.

“जिन्याच्या तोंडाशी, मी त्याच दारात पडले होते,” बाई म्हणाल्या. “उताणी. दिसत काही नव्हतं, पण तो माझ्या बरोबर डोक्यावर गुरगुरत होता. तोंडावर वारा येत होता. मागून सगळ्यांनी सांगितलं की लाइन गेली होती, म्हणून मला वाटलं, पडताना डोकं आपटलं असेल, कानातच काही तरी वाजत असेल. मीही स्वतःवर विश्वास ठेवला नाही. या भाऊंसारखाच.”

“पंखे लगेच थांबत नाहीत,” ऑपरेटर पुटपुटला. “थोडे फिरत राहतात.”

“फिरतात. मंद होत होत गप्प होतात. हा बावन्न सेकंदं एका लयीत चालला होता.” त्यांनी बॅटरीकडे पाहिलं, त्याच्या वरच्या खिशातल्या कागदात गुंडाळलेल्या सेलांकडे पाहिलं, आणि परत ऑपरेटरकडे. “हॉलची लाइन गेलीच नव्हती, ऑपरेटर. तुम्ही खोटं सांगताय.”